वाटाघाट

पोलादपूर मागें टाकून गाडी आंबेनळीच्या घाटाला लागली, कीं पहिल्या दोन-चार वळणांतच प्रवाशाच्या मनांतील सरळपणाचा अभिमान उतरूं लागतो. डोंगराचा माथा समोर दिसत असतो. पण रस्ता त्याच्याकडे जावयाचें सोडून कधीं डावीकडे वळतो, कधीं उजवीकडे, आणि एखादे वेळीं तर आल्या दिशेनें चक्क माघारा फिरतो. खालीं दरींत सावित्री, वर धुकें, आणि या दोहोंच्या मध्यें डोंगराची मर्जी सांभाळीत चाललेली ही वाट. ज्याला फारच घाई असेल त्यानें सरळ रेषेंत कडा चढून पाहावा. एकट्याला तें कदाचित् साधेलही. पण ज्याच्या बरोबर ओझें आहे, बायकामुलें आहेत, त्याला वळणावांचून गति नाहीं.

गेल्या आषाढांत या घाटानें आम्ही वाईला चाललों होतों. आमच्या बरोबरही ओझें होतें. मात्र तें पाठीवर नव्हतें, सदऱ्याच्या खिशांत होतें. चार घड्या घातलेला एक कागद, एवढाच त्याचा आकार. तो दादांच्या हातांत परत द्यावा, "हें आम्हांस मान्य नाहीं" असे चार शब्द बोलावे, आणि चहाही न घेतां परतीची गाडी धरावी, असा आमचा बेत होता.

या कागदाची हकीकत सांगितल्यावांचून पुढचें कळावयाचें नाहीं. घाटाच्या पायथ्याशीं एका खेड्यांत आमचें वडिलार्जित घर आहे. आमचे वडील बंधु नोकरीनिमित्त घाटावर गेले ते वाईलाच स्थायिक झाले. आम्ही घर सांभाळीत मागें राहिलों. आईच्या शेवटच्या दुखण्यांत दादा उशिरां पोंचले, आणि त्या उशिराबद्दल आम्ही जें बोललों तें त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. पुढें त्यांनीं घराचा निम्मा हिस्सा मागितला. "निम्मा हिस्सा हवा, तर निम्मी शाकारणीही तुम्हींच करा," असें उत्तर आम्हीं धाडलें. आणि आम्ही शब्दाचे इतके पक्के, कीं त्या वर्षापासून वैशाख आला म्हणजे आपल्या वाटणीच्या बाजूचेंच छप्पर शाकारून घेऊं लागलों. दुसरी बाजू दर पावसाळ्यांत अधिकाधिक गळूं लागली. आईची खोली त्या बाजूला आहे.

असे तीन पावसाळे गेले. भाद्रपदांत एका घरचा गणपति दोन घरीं बसूं लागला. वकिलांचीं पत्रें घाट चढलीं आणि उतरलीं. मग एके दिवशीं आम्हांला असा शोध लागला, कीं आमचे चिरंजीव आणि दादांची कन्या यांचें आंतून कित्येक महिने बोलणें चालूं आहे. दोघांनीं मिळून एक मसुदाच तयार केला होता. घर विकावयाचें नाहीं, राहण्याचा हक्क आमचा, परसांतील आंबे आणि वरच्या अंगाचा जमिनीचा तुकडा दादांचा, विहीर दोघांची, शाकारणीचा खर्च निम्मानिम्मा आणि तो सर्वांच्या आधीं, गणपति एकच, याच घरांत, आईच्या खोलीला कुलूप नाहीं. तो कागद चिरंजीवांनीं आमच्यापुढें ठेवला, तेव्हां आम्हीं पहिला शब्द उच्चारला तो "फितुरी!" हाच होता. शत्रूशीं लढतां येतें. पण आपल्याच गोटांतील माणूस रात्रीं उठून पलीकडच्या गोटांतल्या माणसाशीं बोलतो, हें कोणत्या सेनापतीला सहन होईल?

अशा मनःस्थितींत आमची एस. टी. घाटाच्या मध्यावर आली, आणि एका अरुंद वळणावर उभी राहिली. समोरून बटाट्यांच्या पोत्यांनीं लादलेली एक मालमोटार उतरत होती. एका बाजूला डोंगराचें भिजलेलें अंग, दुसऱ्या बाजूला दरी. २०२१ च्या जुलैंत दरडी कोसळून हा घाट कसा बंद पडला होता, याची आठवण गाडींतील प्रत्येकाला होती. त्यामुळें रस्त्याच्या कडेवर भरंवसा ठेवावयास कोणी तयार नव्हता. आमचा ड्रायव्हर म्हणाला, चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी असा घाटाचा कायदाच आहे. समोरचा म्हणाला, कायदा मला ठाऊक आहे. दोघांनींही भोंगे वाजविले. भोंग्यानें रस्ता रुंद होत नसल्यामुळें मग प्रवासी खालीं उतरले आणि त्यांनीं वाद हातीं घेतला. आम्हींही त्यांत पुढाकार घेतला, हें कबूल केलें पाहिजे. "एक हात मागें जाऊं नका; हक्क आपला आहे," असें आम्ही ड्रायव्हरला दोन वेळां मोठ्यानें बजावलें. त्या क्षणीं बोलत होतों एस. टी.विषयीं, मनांत मात्र खिशांतला कागद होता.

हा गलबला चालूं असतां आमचा कंडक्टर आणि पलीकडचा क्लीनर असे दोघेजण मालमोटारीच्या आडोशाला गेलेले कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. ते परत आले तेव्हां भिजलेले होते. त्यांनीं पावलांनीं रस्ता मोजला होता. आमच्या मागें साठ पावलांवर डोंगराच्या अंगाला थोडी रुंद जागा होती. मालमोटारीच्या मागेंही जागा होती, पण ओल्या चढणीवर भरलेली गाडी मागें चढविणें धोक्याचें होतें. तेव्हां, ठरलें तें असें: हक्क आमचा असला तरी मागें आम्हीं जावें; मात्र क्लीनरनें आमच्या गाडीमागें उभें राहून वाट दाखवावी, आणि मालमोटारीनें दरीच्या बाजूनें जावें. म्हणजे मागें सरण्याचा कमीपणा आमच्याकडे आणि कड्याचा धोका त्यांच्याकडे. पांच मिनिटांत वाट मोकळी झाली. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडे न पाहतां गेले. कंडक्टर आणि क्लीनर यांनीं मात्र एकमेकांना हात केला.

मराठींत 'वाटाघाट' हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. त्याची व्युत्पत्ति पंडितांनीं ठरवावी. परंतु वाट आणि घाट या दोहोंचा नाद त्यांत एकत्र आलेला आहे, हें आमच्या कानांना त्या दिवशीं प्रथमच जाणवलें. वाडा-कुंभरोशीला गाडी चहासाठीं थांबली. प्रतापगड धुक्यांत बुडालेला होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं या गडाच्या पायथ्याशीं झालेली भेट मराठी मुलाला अक्षरओळखीच्याही आधीं ठाऊक होते. तीही वाटाघाटच होती म्हणावयाची. दोन्ही बाजूंचे वकील फिरले होते, शामियाना उभारला होता, बरोबर किती माणसें आणावीं हेंही ठरलें होतें. परंतु अंगरख्याच्या आंत चिलखत घालून ज्या भेटीला जावें लागतें तिचा शेवट आलिंगनानें होत नाहीं. आमच्या मराठी मनावर या भेटीचा ठसा इतका खोल आहे, कीं कोणीही प्रतिपक्षाशीं बोलावयास निघाला कीं आम्ही पहिल्यानें त्याच्या अस्तनींत काय आहे तें पाहतों. आणि अस्तनींत कांहीं नसेल, तर तो मूर्ख किंवा फितूर असला पाहिजे असें ठरवितों.

राजकारणांतही आम्हांला हाच न्याय आवडत आलेला आहे. सभागृहांत मेज थोपटणारा आमचा वाघ; आणि समितीच्या खोलींत प्रतिपक्षाच्या चार सभासदांबरोबर बसून कलमाचे शब्द इकडचे तिकडे करणारा, तो मवाळ. हा दोष आमच्यापुरताच नाहीं. अमेरिकेच्या सेनेटमध्यें २००५ सालीं न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून दोन्ही पक्ष हातघाईवर आले असतां सात रिपब्लिकन आणि सात डेमोक्रॅट सभासदांनीं एकत्र बसून मार्ग काढला. तर तिकडच्या वर्तमानपत्रांनीं त्यांना नांव दिलें 'चौदांची टोळी'! आम्हीं चिरंजीवांना ठेवलेल्या नांवाहून तें फारसें निराळें नाहीं.

पण चहाच्या पेल्याबरोबर आम्ही जरा हिशेब करूं लागलों, तेव्हां कांहीं गोष्टी आठवल्या. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा लागल्या होत्या. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे हे काँग्रेसचे. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनीं धरून ठेविली होती. विरोधी पक्ष रस्त्यावर मोर्चे काढीत होते. आणि त्याच पक्षांचे आमदार सभागृहांत या योजनेच्या पाठीशीं उभे होते. खर्च कोठून करावयाचा, हा प्रश्न आला. त्यासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसला, आणि शहरांतल्या पगारदाराच्या पगारांतून दरमहा कांहीं रुपये खेड्यांतल्या मजुरासाठीं कापले जाऊं लागले. रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं दोन्ही सभागृहांनीं एकमतानें संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. आणि २००५ सालीं संसदेनें साऱ्या देशासाठीं जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्यापुढें हाच नमुना होता. तें एकमत कोणा एका वक्त्याच्या भाषणानें झालें नव्हतें. आमच्याही पगारपत्रकावर तो कर वर्षानुवर्षें कापला गेला. आम्ही त्याबद्दल कुरकुरलों, पण त्याच्या मागें केवढी वाटाघाट आहे, हा विचार कधीं मनांत आला नाहीं.

भाषेचा प्रश्न घ्या. घटनासमितींत १९४९ च्या सप्टेंबरांत राजभाषेवरून इतका कडाका उडाला, कीं एका देशाच्या मंडळींना एका सभागृहांत बसणें कठीण व्हावें. केवळ भाषेवरून नव्हे, तर अंकांवरून! हा लेख ज्या नागरी अंकांत छापला जात आहे ते राज्यकारभारांत असावे, कीं जगभर चालणारे असावे, यासाठीं जुने सहकारी एकमेकांवर तुटून पडले. शेवटीं कन्हैयालाल मुनशी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नांवानें ओळखली जाणारी तोड निघाली: भाषा हिंदी, लिपि नागरी, अंक आंतरराष्ट्रीय रूपाचे, आणि पंधरा वर्षें इंग्रजीही. या तोडींत पूर्ण संतोष कोणाचाच नव्हता. पंधरा वर्षें भरण्यापूर्वींच, १९६३ सालीं, इंग्रजी पुढें चालूं ठेवण्याचा कायदा करावा लागला. म्हणजे प्रश्न सुटला नाहीं. तो पुढच्या वळणापर्यंत नेला गेला. पण गाडी दरींत गेली नाहीं, ही गोष्ट लहान समजूं नये. शेजारच्या पाकिस्तानांत भाषेच्या प्रश्नावर अशी तोड वेळेवर निघाली नाहीं. १९५२ च्या फेब्रुवारींत ढाक्याच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांचें रक्त सांडलें.

लहान मंडळीला जें साधतें तें मोठ्या सभेला कां साधत नाहीं, याचें कारण आम्हांला घाटांतच सांपडलें होतें. आम्ही सारे प्रवासी एकमेकांना ऐकूं जावें म्हणून बोलत होतों. कंडक्टर आणि क्लीनर यांचें बोलणें ऐकावयास तिसरा कोणी नव्हता. म्हणून त्यांना आपल्या गाडीची अडचण कबूल करतां आली. "आमची गाडी वर चढणार नाहीं" हें वाक्य क्लीनरनें पन्नास माणसांसमोर उच्चारलें असतें, तर तो हरला असता. आडोशाला उच्चारलें म्हणून तें केवळ एक माहिती ठरलें.

इतकें मनांत आल्यावर खिशांतला कागद हलका वाटावयास हवा होता. पण तसें झालें नाहीं. कारण आम्ही महाडच्या परिसरांत वाढलेले. आणि महाडचा माणूस तडजोडीचे गोडवे फार वेळ गाऊं शकत नाहीं. १९२३ च्या ऑगस्टांत मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सी. के. बोले यांनीं ठराव आणला, कीं सरकारी पैशानें बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्या. ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेंही पुढच्या वर्षीं आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. सर्वांनीं मान डोलाविली आणि कोणीच पाण्याला शिवलें नाहीं. कागद राहिला कागदाच्या जागीं, आणि तळें तळ्याच्या. तेव्हां २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना हजारो माणसें घेऊन चवदार तळ्यावर जावें लागलें. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली, नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला, आणि मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल १९३७ च्या मार्चांत लागेपर्यंत दहा वर्षें गेलीं. येथें मध्यबिंदु तो कोणता काढावयाचा? एकानें पाणी प्यावें, दुसऱ्यानें पिऊं नये, यांच्या मध्यें अर्धी ओंजळ असते काय?

आणि पुढें पांच वर्षांनीं येरवड्याच्या तुरुंगांत जी वाटाघाट झाली, ती तरी सरळ होती काय? १९३२ च्या ऑगस्टांत ब्रिटिश पंतप्रधानांनीं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. २० सप्टेंबरला गांधीजींनीं त्याविरुद्ध उपोषण आरंभिलें. २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. एका बाजूला आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. दुसऱ्या बाजूला मालवीय, राजगोपालाचारी. मध्यें सप्रू आणि जयकर हे कायदेपंडित कलमांना आकार देणारे. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ होत्या त्या १४८ झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेला. हिशेबानें पाहिलें तर देणेंही झालें आणि घेणेंही. पण त्या मेजावर एका थोर माणसाचा प्राण वजनासारखा ठेवलेला होता, आणि तें वजन एकाच पारड्यांत होतें. आंबेडकरांनीं सही केली. आणि पुढें त्याच करारावर त्यांनींच अत्यंत कठोर टीका केली. त्यांना यांत विसंगति कशी म्हणतां येईल? मागें कोणीं सरावें हें ज्याच्याजवळ ओझें अधिक आहे त्याला पाहून ठरविलें, तर ती वाटाघाट. आणि ज्याच्यामागें दरी आहे त्यालाच मागें सरण्यास सांगितलें, तर तिला दुसरें नांव द्यावें लागतें.

वाडा-कुंभरोशी सोडून गाडी महाबळेश्वराकडे चढूं लागली, तेव्हां आम्हीं कागद बाहेर काढला आणि या मापानें तो पुन्हां वाचला. यांत कोणाच्या माणूसपणाचा प्रश्न होता काय? नव्हता. कोणाच्या मागें दरी होती काय? नव्हती; आमच्या पायांखालीं घर होतें, दादांच्याही होतें. ओझें कोणाचें अधिक होतें? येथें आम्ही अडखळलों. तीन वर्षें आम्ही एकच धरून बसलों होतों, कीं ज्यानें घर सांभाळलें त्याचा हक्क मोठा. आतां प्रथमच असें मनांत आलें, कीं आईजवळ वेळेवर पोंचतां न आलेल्या माणसाजवळ जें ओझें असेल तें आम्हीं कधीं उचलून पाहिलेलें नाहीं. आम्हांला ती शेवटपर्यंत मिळाली होती.

महाबळेश्वराला पाऊस मी म्हणत होता. तेथें एकाच पठारावर उगम पावून सावित्री आमच्याकडे पश्चिमेला उतरते, आणि कृष्णा वाईकडे पूर्वेला जाते. आम्ही कृष्णेच्या बाजूनें उतरलों, आणि दिवेलागणीला दादांच्या दारांत उभे राहिलों. चार शब्द ओठांवर तयार होते. पण दादांनीं ते बोलूं दिले नाहींत. दार उघडून त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि बाहेरच्या पावसाकडे पाहिलें.

"घर शाकारलेंस का रे यंदा?" त्यांनीं विचारलें.

"अर्धें," आम्हीं म्हटलें.

त्यांनीं मान हलविली आणि पंचा पुढें केला.

रात्रीं जेवणानंतर कागद मध्यें ठेवून आम्ही बसलों. दादांनीं वरच्या जमिनीचें कलम थोडें सैल केलें. आम्हीं विहिरीच्या बाबतींत एक हेका सोडला. मग कागद पुन्हां वरपासून खालपर्यंत वाचल्यावर आमच्या लक्षांत आलें, कीं ज्या गोष्टीवरून हें सारें सुरू झालें, म्हणजे तो दादांचा उशीर आणि ते आमचे शब्द, तिचा यांत कोठें उल्लेखच नाहीं. आम्हीं पुतणीला एकीकडे विचारलें, "हें राहून गेलें कीं काय?"

ती म्हणाली, "नाहीं काका, आम्हीं तें मुद्दामच लिहिलें नाहीं. तें लिहायला बसलों असतों, तर बाकीचें लिहून झालें नसतें."

पागे काय, मुनशी-अय्यंगार काय, सर्वांची विद्या या एका वाक्यांत आली, असें आम्हांला वाटलें. आणि ज्या मुलाला आम्हीं फितूर म्हटलें होतें, त्याला हें वाक्य तीन महिन्यांपूर्वींच ठाऊक होतें, याची थोडी लाजही वाटली.

भर पावसांत शाकारणी होत नाहीं. ती आतां पुढच्या वैशाखांतच व्हावयाची. तूर्त दादांच्या बाजूच्या छपरावर ताडपत्री घातली आहे. ती बांधावयाला दादा स्वतः घाट उतरून आले होते. आम्ही शिडीवर, ते खालीं दोर धरून, असें अर्धा दिवस काम चाललें. आईच्या खोलींतली जमीन अजून ओली आहे, पण आतां वरून ठिबकत नाहीं. भाद्रपदांत गणपति एकच बसला. त्या उशिराबद्दल दादा अजून कांहीं बोललेले नाहींत, आणि आमच्या शब्दांबद्दल आम्हींही नाहीं. तें वळण पुढें यावयाचें आहे.